'देवगड हापूस'च्या नावाने परदेशातून साइट चालते: तक्रार कोणाकडे, कोणत्या कायद्याने?

देवगड तालुक्यातल्या बागायतदारांच्या एका गटाचा हा प्रश्न आहे. 'देवगड हापूस' हे शब्द जोडून केलेलं एक डॉट कॉम नाव भलत्याच कोणीतरी घेतलंय. साइटवर फोटो गटाच्या बागांचे आहेत. पाच डझनी पेटीचे पैसे आगाऊ घेतले जातात. काही गिऱ्हाइकांना दुसराच कुठला आंबा मिळाला, काहींना काहीच नाही, आणि शिव्या खातोय गट. नाव नोंदवणारी कंपनी एका देशात, सर्व्हर दुसऱ्या देशात, मालकाचं नाव झाकलेलं. पोलीस ठाण्यात 'परदेशातलं आहे' असं उत्तर मिळालं, तर एका सल्लागाराने 'जीआय आहे ना, मग कशाला घाबरता' असं सांगितलं. (जीआय म्हणजे भौगोलिक उपदर्शन: ठरावीक भागातल्या मालाच्या नावाची कायदेशीर नोंद.) गटाला तीन गोष्टी हव्यात: इंटरनेटवर सत्ता कोणाची, जीआय तिथे चालतो का, आणि हंगाम संपायच्या आत ही साइट कशी थांबवायची.

जीआयचा सल्ला आत्तापुरता बाजूला ठेवा. डोमेन नावाच्या, म्हणजे साइटच्या पत्त्याच्या भांडणात त्याचा उपयोग जवळजवळ नाही. का नाही, ते पुढे येईल. इंटरनेटला एक मालक नाही आणि एक कायदाही नाही. पण त्याचा प्रत्येक तुकडा कोणाच्या तरी ताब्यात असतो आणि तो ताबेदार कुठल्या ना कुठल्या कराराने किंवा कायद्याने बांधलेला असतो. म्हणूनच 'ही साइट बेकायदेशीर आहे, बंद करा' अशी एकच तक्रार दहा ठिकाणी पाठवली की ती दहाही ठिकाणी पडून राहते. नाव, सर्व्हर, फोटो आणि पैसे हे चार तुकडे वेगळे करा. ज्याच्या हातात जे आहे, त्याच्याकडे तेवढंच मागा.

पहिला दिवस मात्र पुराव्याचा. तक्रार पोचली की समोरचा पानं बदलतो किंवा साइटच उतरवतो, आणि नंतर दाखवायला काही उरत नाही. मुखपृष्ठ, उत्पादनाचं पान, संपर्काचं पान आणि पैसे भरायचं पान, या सगळ्यांचे पूर्ण स्क्रीनशॉट घ्या. त्यात वरचा पत्ता आणि खालची तारीख-वेळ दिसली पाहिजे. पानं ब्राउझरमधून 'सेव्ह' करून ठेवा. एक छोटी ऑर्डर टाकून बघा: यूपीआय आयडी, खात्यावर दिसणारं नाव, व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, आणि पेटी आलीच तर तिच्यावरचं लेबल आणि कुरिअरची पावती. सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये टाकून प्रत्येकीचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलचा ठशासारखा क्रमांक, काढून लिहून ठेवा. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं. एक भाग उपकरण ज्याच्या ताब्यात होतं त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश नमूद करावा लागतो. इथे हमखास गडबड होते ती व्हॉट्सॲपमुळे. स्क्रीनशॉट गटात फिरवला की फाइल दाबून लहान केली जाते, हॅश बदलतो आणि मूळ फाइल कोणाच्या मोबाइलमध्ये होती हेच कळेनासं होतं. मूळ फाइल पेनड्राइव्हवर किंवा ईमेलनेच हलवा.

मग पैशांचं. ज्याचे पैसे गेले त्या गिऱ्हाइकाने स्वतः १९३० वर फोन करायचा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवायची. त्या खात्यातून पैसा पुढे सरकण्याआधी फोन गेला तर रक्कम गोठवता येते. गटाने गिऱ्हाइकाच्या वतीने केलेली तक्रार इथे अडकते, कारण खातं गटाचं नाही. गटाची तक्रार वेगळी: तोतयेगिरीची. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ड, म्हणजे संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणूक, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. सोबत भारतीय न्याय संहितेची कलमं ३१८ आणि ३१९. 'परदेशातलं आहे' म्हणून ठाण्यात परत पाठवलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचंच कलम ७५ दाखवा: गुन्हा भारतातल्या संगणकाशी संबंधित असेल तर करणारा कुठेही बसलेला असो, कायदा लागू होतो. शिवाय अशा बहुतेक प्रकरणांत यूपीआय खातं भारतातलंच असतं. साइट परदेशात आहे, पण पैशाची वाट घरातूनच जाते. तपासाचं टोक तिथे धरावं.

आता फोटो. साइट उतरवण्याचा सगळ्यात जलद रस्ता बहुतेक वेळा हाच असतो आणि तोच कोणाला सुचत नाही. बागेचा फोटो ज्याने काढला त्याचा त्यावर कॉपीराइट असतो; फोटोग्राफरला पैसे देऊन काढून घेतला असेल, तर वेगळा करार नसल्यास तुमचा. त्यासाठी नोंदणी लागत नाही. कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात १८० हून अधिक देश आहेत, भारत १९२८ पासून आहे, आणि त्या सगळ्या देशांत तुमच्या फोटोला तिथल्या माणसाच्या फोटोइतकंच संरक्षण मिळतं. सर्व्हर अमेरिकी कंपनीचा असेल तर १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्याखाली, म्हणजे डीएमसीएखाली, नोटीस पाठवता येते. तिच्यात काय हवं ते ठरलेलं आहे: तुमचा मूळ फोटो कुठे आहे, चोरलेला फोटो नेमक्या कुठल्या पत्त्यावर आहे, तुमचं नाव-पत्ता, हा वापर विनापरवाना असल्याची प्रामाणिक खात्री, मजकूर खरा असल्याचं आणि मालकाच्या वतीने बोलण्याचा अधिकार असल्याचं शपथेवरचं विधान, आणि सही. एक फोटो, एक ओळ, एक पत्ता असं लिहा. 'साइटवरचे सगळे फोटो आमचे' असं मोघम लिहिलं की नोटीस परत येते. समोरच्याने उलट नोटीस दिली आणि तुम्ही कोर्टात गेला नाहीत, तर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत मजकूर परत चढवला जातो. फसवणूक करणारा मात्र सहसा उलट नोटीस देत नाही, कारण तिच्यात खरं नाव-पत्ता द्यावा लागतो.

सर्व्हर कोणाचा हे शोधताना एक अडचण येते. साइटचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा तिचा क्रमांक काढला की पुष्कळदा एखाद्या सीडीएनचं, म्हणजे मधल्या पडद्यासारख्या सेवेचं नाव येतं. खरा सर्व्हर मागे असतो. अशा कंपनीकडे गैरवापराची तक्रार केली की ती मजकूर काढत नाही, पण तक्रार खऱ्या होस्टिंग कंपनीकडे पाठवते आणि पुष्कळदा तिचं नावही कळवते. तेवढं पुरेसं आहे.

राहिलं नाव, आणि इंटरनेटच्या कारभाराचा विषय इथून सुरू होतो.

डॉट कॉमसारख्या नावांची साखळी अशी: सगळ्यात वर आयकॅन, खाली डॉट कॉमची यादी सांभाळणारी रजिस्ट्री, तिच्या खाली नाव विकणारे रजिस्ट्रार, आणि शेवटी नाव घेणारा. यातला प्रत्येक जण वरच्याशी कराराने बांधलेला. आयकॅन ही १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेली ना-नफा संस्था. ती संयुक्त राष्ट्रांचा भाग नाही. अमेरिकी वाणिज्य खात्याशी तिचा जो करार होता तो ३० सप्टेंबर २०१६ ला संपला, आणि तेव्हापासून कुठल्याही एका सरकारचा तिच्यावर तसा हात नाही. सरकारं तिथे सल्लागार समितीत बसतात, भारतही बसतो, पण ती सल्ला देतात, हुकूम देत नाहीत. वाडीतल्या पाखाडीसारखा हा कारभार आहे: ज्याची बाग लागून आहे त्याने आपला भाग नीट ठेवायचा, आणि कोणी वाट अडवली तर सगळ्यांनी बसून ठरवायचं, तलाठ्याच्या सातबाऱ्यावर पाखाडी कोणा एकाच्या नावावर नसते.

संयुक्त राष्ट्रांच्या २००५ च्या ट्युनिस परिषदेत देशांनी या कारभाराची जी व्याख्या मान्य केली तिच्यात सरकारं, खासगी क्षेत्र आणि नागरी समाज असे तिघेही 'आपापल्या भूमिकेत' धरले आहेत. त्यातून निघालेला इंटरनेट गव्हर्नन्स फोरम २००६ पासून दर वर्षी भरतो, २००८ मध्ये तो हैदराबादला भरला होता, पण तिथे निर्णय होत नाहीत, चर्चा होते. भारताची भूमिकाही बदलत गेली. २०११ मध्ये आपण संयुक्त राष्ट्रांत ५० देशांची एक समिती नेमून तिच्याकडे हा कारभार द्यावा असं सुचवलं होतं. २०१५ मध्ये आपणच सरकारं, खासगी क्षेत्र आणि नागरी समाज अशा सगळ्यांच्या सहभागाच्या पद्धतीला पाठिंबा जाहीर केला. तेव्हा 'यूनोकडे तक्रार करता येईल का' याचं उत्तर सरळ नाही असं आहे. आयकॅनसुद्धा मजकुरावर हात टाकत नाही. २८ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनने रशियाचे डॉट आरयूसारखे विस्तारच, म्हणजे नावाच्या शेवटचे तुकडेच, रद्द करावेत अशी विनंती केली, तीही आयकॅनने २ मार्चला नाकारली. युद्धात जे झालं नाही ते आंब्याच्या पेटीसाठी होणार नाही, हे गृहीत धरूनच चला.

पण करारात जे आहे ते मागता येतं, आणि त्यात बरंच आहे. आयकॅनच्या लुकअप पानावर ते डोमेन नाव टाका. २०२५ च्या जानेवारीपासून नाव कोणी नोंदवलं ते बघण्याच्या जुन्या 'हूइज' सेवेऐवजी आरडीएपी नावाची पद्धत चालते. खासगी माहिती जपणाऱ्या युरोपच्या जीडीपीआर कायद्यामुळे मे २०१८ पासून मालकाचं नाव सहसा दिसत नाही, पण रजिस्ट्रारचं नाव, नोंदणीची तारीख, नेमसर्व्हर (नावावरून सर्व्हर शोधून देणारा संगणक) आणि ॲब्यूज कॉन्टॅक्ट (गैरवापराच्या तक्रारीचा पत्ता) हे दिसतंच. तक्रार त्या ॲब्यूज कॉन्टॅक्टकडे पाठवायची.

इथे शब्द जपून वापरावे लागतात. ५ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार रजिस्ट्रारवर 'डीएनएस गैरवापरा'विरुद्ध, म्हणजे डोमेन नावांच्या यंत्रणेच्या गैरवापराविरुद्ध, तातडीने पावलं उचलण्याचं बंधन आहे. त्या व्याख्येत पाचच गोष्टी येतात: मालवेअर (घातक सॉफ्टवेअर), बॉटनेट (चोरून ताब्यात घेतलेल्या संगणकांचं जाळं), फिशिंग, फार्मिंग (खरा पत्ता टाकला तरी नकली साइटवर नेणं), आणि यांचं वाहन म्हणून वापरलेला स्पॅम. 'कर्नाटकी आंबा देवगडचा म्हणून विकतात' ही तक्रार यात बसत नाही. तो मजकुराचा वाद झाला आणि रजिस्ट्रार 'कोर्टाचा हुकूम आणा' म्हणून मोकळा होतो. तुमच्या साइटची हुबेहूब नक्कल करून कार्डाचा क्रमांक किंवा ओटीपी उकळला जात असेल, तर ते फिशिंग. तसं खरोखर होत असेल तर पहिल्याच ओळीत 'फिशिंग' लिहा, खाली तुमच्या खऱ्या पानाचा आणि नकली पानाचा स्क्रीनशॉट शेजारी शेजारी लावा, कार्ड मागणाऱ्या पानाचा नेमका पत्ता द्या आणि 'क्लायंट होल्ड' लावण्याची मागणी करा. होल्ड लागला की ते नाव जगात कुठेही उघडत नाही. रजिस्ट्रार ढिम्म राहिला तर आयकॅनच्या करारपालन विभागाकडे तक्रार जाते; तिथे तुमची मूळ तक्रार, पाठवल्याची तारीख आणि उत्तर न आल्याचा पुरावा लागतो. म्हणून तक्रार ईमेलनेच करा, आणि फॉर्म भरलात तर पोचपावतीचा क्रमांक जपा.

पोलिसांनी रजिस्ट्रारला पत्र पाठवलं की २४ तासांत बघितलंच पाहिजे, अशी एक समजूत आहे. करारात ती मुदत आहे खरी, पण रजिस्ट्रारचं कार्यालय जिथे आहे तिथल्या यंत्रणांसाठी. सिंधुदुर्ग पोलिसांचं पत्र परदेशी रजिस्ट्रारला त्या मुदतीने बांधत नाही. रजिस्ट्रारचं भारतात कार्यालय असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून ते आधी तपासा.

दुसरी समजूत सरकारकडून 'ब्लॉक' करून घेण्याची. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ ची कारणं ठरलेली आहेत: देशाचं सार्वभौमत्व, संरक्षण, सुरक्षा, मित्रराष्ट्रांशी संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, आणि यांच्याशी जोडलेल्या दखलपात्र गुन्ह्याला चिथावणी. आंब्याची फसवणूक त्यात बसवणं कठीण. आणि ब्लॉक झालं तरी ते भारतापुरतं. दुबईतलं आणि लंडनमधलं गिऱ्हाईक ती साइट बघतच राहणार.

आता जीआय. हापूसची भौगोलिक उपदर्शन नोंद २०१८ मध्ये झाली, पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांसाठी. नोंदणीकृत मालकांत दापोलीचं कृषी विद्यापीठ आणि उत्पादकांच्या सहकारी संस्था आहेत. एकेक बागायतदार 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून वेगळी नोंद करू शकतो, आणि ती नसेल तर कोर्टात उभं राहताना पहिलीच हरकत तिथे येते. भारतात या नोंदीला धार आहे: खोट्या उपदर्शनासाठी सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड. सीमा ओलांडली की धार बोथट होते. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारात कलम २३ चं कडक संरक्षण फक्त वाइन आणि मद्याला आहे. तिथे गिऱ्हाईक फसलं की नाही हे सिद्ध करावं लागत नाही. आंबा येतो कलम २२ खाली, जिथे लोकांची दिशाभूल झाली हे दाखवावं लागतं, तेही ज्या त्या देशाच्या कायद्याने. त्या देशात स्वतंत्र नोंद करून घेतली तर गोष्ट बदलते. दार्जिलिंग चहाने युरोपीय संघात २०११ मध्ये ती करून घेतली.

डोमेनच्या नियमांत तर जीआयला जागाच ठेवलेली नाही. ती ठेवावी का यावर जागतिक बौद्धिक संपदा संघटनेत, म्हणजे वायपोमध्ये, २००१-०२ च्या सुमारास खल झाला आणि देशांचं एकमत झालं नाही. शॅम्पेनच्या उत्पादकांची संस्था जगातली सगळ्यात जागरूक जीआय-मालक. तिनेही २०११ मध्ये डॉट को विस्तारातलं 'शॅम्पेन' हे नाव मिळवण्यासाठी तक्रार केली आणि ती हरली, कारण जीआय म्हणजे आपोआप ट्रेडमार्क नव्हे. २०१४ मध्ये डॉट वाइन आणि डॉट व्हिन हे नवे विस्तार यायच्या वेळी फ्रान्स आणि युरोपीय संघाने आयकॅनच्या सरकारी समितीत आदळआपट केली, तरी सरकारांचं एकमत झालं नाही. म्हणजे आजच्या घडीला आंतरराष्ट्रीय कायदा हापूसच्या नावापेक्षा हापूसच्या फोटोची जास्त काळजी घेतो. हे चीड आणणारं आहे, पण तक्रार लिहिताना याच वस्तुस्थितीवर उभं राहावं लागतं.

म्हणून डोमेन नाव कायमचं ताब्यात घ्यायचं असेल तर ट्रेडमार्क लागतो. रस्ता आहे यूडीआरपी, १९९९ पासून चालत आलेली वादनिवारण पद्धत. डॉट कॉम घेणारा प्रत्येक जण नोंदणीच्या करारातच ती मान्य करतो, त्यामुळे तो कुठल्या देशात आहे याने फरक पडत नाही. तीन गोष्टी एकत्र सिद्ध कराव्या लागतात: नाव तुमच्या ट्रेडमार्कसारखंच किंवा गोंधळ करणारं आहे, समोरच्याला त्या नावावर न्याय्य हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने नोंदवलं आणि वाईट हेतूने वापरतोही आहे. शेवटच्या अटीतलं 'आणि' फार महत्त्वाचं. तुमचा ट्रेडमार्क जन्मायच्या आधी त्याने नाव घेतलं असेल तर सहसा हार ठरलेली.

वायपोकडे एका पंचासाठी पाच नावांपर्यंत फी १,५०० डॉलर आहे. एकाच माणसाची चार-पाच नावं असतील तर एकाच तक्रारीत घाला. तक्रार ५,००० शब्दांत बसवावी लागते, भाषा नोंदणी कराराची. तक्रार गेली की रजिस्ट्रार दोन कामकाजाच्या दिवसांत नावाला कुलूप लावतो, समोरच्याला उत्तराला २० दिवस मिळतात, पंच नेमल्यावर १४ दिवसांत निकाल, आणि निकालानंतर कोर्टात जायला १० कामकाजाचे दिवस सोडून नाव तुमच्याकडे येतं. सगळं मिळून साधारण दोन महिने. नुकसानभरपाई नाही, खर्च नाही. नाव मिळतं किंवा रद्द होतं, एवढंच. एप्रिलमध्ये तक्रार केली तर निकाल पावसात येणार. म्हणून हंगामात फोटो, फिशिंग आणि पैसे या दारांनी साइट थांबवायची आणि यूडीआरपी मृगानंतर निवांत लढायची.

एक इशारा. 'देवगड' हे गावाचं नाव आणि 'हापूस' हे फळाचं. दुबईत राहणारा देवगडचाच कोणी आपल्या घरच्या बागेतला माल खऱ्या अर्थाने विकत असेल, तर त्याचा हक्क न्याय्य आहे. त्याच्यावर दडपण आणायला तक्रार केलीत तर पंच उलट तुमच्यावरच 'नाव बळकावण्याचा प्रयत्न' असा शेरा मारू शकतात, आणि तो निकाल जाहीर असतो.

नाव डॉट इन किंवा डॉट भारतमधलं असेल तर रस्ता निराळा आणि आपल्याला जास्त सोयीचा. देशाच्या विस्तारांवर त्या त्या देशाचा अधिकार, दुसऱ्याने त्यात पडू नये, हे ट्युनिसमध्येच मान्य झालंय. आपल्याकडे निक्सी ही संस्था हे काम बघते आणि वाद आयएनडीआरपी पद्धतीने एका लवादापुढे, १९९६ च्या लवाद कायद्याखाली चालतो. इथे वाईट हेतूने नोंदवलं 'किंवा' वापरलं, यातलं एक पुरतं. शिवाय ट्रेडमार्कबरोबर 'नाव' हाही आधार चालतो. गटाने मुख्य साइट डॉट इनवर ठेवावी असा सल्ला मी देईन, तो यासाठीच.

कोर्टाचा दरवाजा उघडा आहेच. डोमेन नावालाही व्यापारी नावाप्रमाणे संरक्षण मिळतं हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात मान्य केलंय. ट्रेडमार्क नोंदलेला असेल तर दावा तुम्ही जिथे धंदा करता तिथे, म्हणजे ओरोसच्या जिल्हा न्यायालयातही लावता येतो. मालक अज्ञात असला तरी 'अशोक कुमार' नावाच्या काल्पनिक प्रतिवादीविरुद्ध हुकूम घेण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. हुकूम भारतात कार्यालय असलेला रजिस्ट्रार आणि बँक पाळतात. परदेशी कंपनी पाळेलच असं नाही, कारण एका राष्ट्राची सक्ती दुसऱ्याच्या भूमीवर चालत नाही. हे तत्त्व आलं तेही एका समुद्री अपघातातून: १९२६ मध्ये फ्रेंच जहाज 'लोटस' आणि तुर्की जहाज 'बोझ-कुर्त' यांची टक्कर झाली, आणि पुढच्या वर्षी हेगच्या न्यायालयाने ते स्पष्ट शब्दांत मांडलं.

गुन्ह्याच्या तपासासाठी परदेशातून माहिती हवी असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ११२ खाली आपल्या कोर्टाचं विनंतीपत्र, मग केंद्रीय गृह मंत्रालय, मग तिथली यंत्रणा, मग तिथलं कोर्ट अशी वाट आहे. अमेरिकेशी आपला परस्पर साहाय्याचा करार २००५ पासून लागू आहे, तरी महिने जातात. सायबर गुन्ह्यांवरच्या २००१ च्या बुडापेस्ट करारात भारत नाही. संयुक्त राष्ट्रांचा सायबर गुन्ह्यांचा करार २४ डिसेंबर २०२४ ला मंजूर झाला, पण ४० देशांनी तो अधिकृतपणे स्वीकारल्यावर ९० दिवसांनी लागू होईल अशी त्यात तरतूद आहे.

आता पावसाळ्यातली कामं, म्हणजे पुढच्या हंगामात हीच धावपळ नको. 'देवगड हापूस' हेच शब्द ट्रेडमार्क म्हणून मागायला जाऊ नका. जीआय कायद्याचं कलम २५ आडवं येतं. गटाचं स्वतःचं वेगळं नाव आणि चिन्ह घ्या. ताज्या फळासाठी वर्ग ३१, आमरसाच्या डब्यांसाठी २९, पन्ह्यासाठी ३२, विक्रीसेवेसाठी ३५. व्यक्ती किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्जाला प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. जाहिरात निघाल्यावर चार महिने हरकतीचे. परदेशात माल जात असेल तर माद्रिद पद्धतीने, म्हणजे एकाच आंतरराष्ट्रीय अर्जाने, त्या देशांतही अर्ज करता येतो. भारत तिच्यात २०१३ पासून आहे. सगळ्यांनी अधिकृत वापरकर्ता नोंद पुरी करा. यंदाच्या मोहोरापासून काढणीपर्यंतचे फोटो मूळ फाइलीसकट एकाने जपा.

नावं घेताना रोमन लिपीतले सगळे लेखनप्रकार धरा: हापूसमध्ये 'यू' एक की 'ओ' दोन, देवगडच्या शेवटी 'डी' की 'आरएच'. देवनागरीत डॉट भारत २०१४ पासून मिळतं, मराठी आणि कोकणीसकट आठ भाषांसाठी. तिथे 'देवगड'बरोबर हिंदी वळणाचं 'देवगढ'ही घेऊन ठेवा. आपला स्वतःचा 'डॉट हापूस' का नको, असंही कोणी विचारेल. २०२६ च्या फेरीत नव्या विस्ताराच्या अर्जाची फी २,२७,००० डॉलर आहे. तेवढ्यात तालुक्यात हापूसची पुष्कळ कलमं उभी राहतील.

आणि आपलं नाव गटाच्या सचिवाच्या खासगी ईमेलवर नोंदवू नका. सचिव बदलतो, नूतनीकरणाची सूचना जुन्या ईमेलवर जाते आणि नाव सुटतं. डॉट कॉमसारख्या विस्तारात मुदत संपल्यावर जास्तीत जास्त ४५ दिवसांची सवलत असते, तीही रजिस्ट्रारच्या मर्जीवर. मग ३० दिवस जबर दंड भरून सोडवता येतं, त्यानंतर ५ दिवसांनी नाव कोणालाही मोकळं होतं. संस्थेच्या नावाने नोंदणी, दोघांकडे पासवर्ड, रजिस्ट्रार लॉक (नाव परस्पर हलू न देणारं कुलूप) चालू, आणि पाच वर्षांचं नूतनीकरण एकदम.